आण्णांच्या डोक्यावरचा बर्फ

"अगं बाई, डोकं फोडून घेतलं ह्यांनी! सदा, धाव!"

आत्तींची ती किंकाळी ऐकली आणि मी पिठाच्या हातानंच दुकानात पळाले. आमचं दुकान पुढं आणि घर मागं, मधे नुसता एक पडदा. पडदा सारून बघते तर माझे सासरे, आण्णा, खुर्चीत ताठ बसलेले, आणि कपाळावरनं, भुवयांवरनं, नाकाच्या शेंड्यावरनं लालभडक धारा लागलेल्या. पांढऱ्या सदऱ्याची पार वाट लागली होती. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, छाती बडवत उभ्या. एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीला साबण घेऊन तसंच दाराकडं निघालेलं. आणि आमचे हे, सदानंद, हातात वस्तरा धरून पुतळा झालेले.

आण्णांनी जीभ बाहेर काढली आणि ओठावर आलेला थेंब चाटला.

"गोड हाय," ते म्हणाले. "गुलाब."

मी जी हसत सुटले ती भिंतीला टेकून खालीच बसले. आण्णांच्या डोक्यावर मीच बर्फाच्या कांड्या बांधल्या होत्या. शाळेसमोर पोरं रुपयाला घेतात ना, प्लॅस्टिकच्या नळीतला रंगीत गोड बर्फ, त्याच. त्यातली एक लाल कांडी फुटली होती.

"आण्णा, निवडून आलाय काय?" दारातनं परत फिरत गिऱ्हाईक म्हणालं. "गुलाल बरा उधळलाय सुनबाईनं!"

"रक्त न्हवं आत्ती, सरबत हाय ते," मी म्हटलं.

"सरबत डोक्यावर ओततंय व्हय गं कोण?" आत्ती पदरानं आण्णांचं तोंड पुसत होत्या आणि मला शिव्या घालत होत्या. "ही पोरगी एक दिवस माझ्या मालकाचा फालुदा करणार बघा!"

तेवढ्यात माझी लेक तन्वी रांगत आली, आण्णांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि त्यांच्या हनुवटीवरनं गळणाऱ्या लाल थेंबाखाली तिनं आ वासला. आण्णा हसले. आता आण्णांचं हसू म्हणजे काय, चेहरा काही हलायचा नाही, नुसते डोळे बारीक व्हायचे. पण आम्हाला कळायचं.

ह्याला झाली चौदा वर्षं. तन्वी तेव्हा दहा महिन्यांची होती.

आण्णा म्हणजे ज्ञानदेव संकपाळ. गडहिंग्लजच्या बाजारपेठेत त्यांच्या हाताखालनं गेलं नाही असं डोकं शोधून सापडलं नसतं. कुणाच्या मानेवर कुठं खोक आहे, कुणाचा भोवरा कुठल्या अंगाला फिरतो, हे त्यांना न बघता माहीत. तर त्या माणसाच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एक दिवस आपोआप एकमेकांवर फिरायला लागलं, तंबाखू मळल्यासारखं. आत्तींनी आठ दिवस त्यांच्याशी अबोला धरला. सोडलेली तंबाखू परत चालू केली म्हणून! बिचारे आण्णा शपथा घेऊन सांगतायत, आणि शपथ घ्यायला हात वर केला की तो जास्तच हलतोय.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, पार्किन्सन. जुनी माणसं कंपवात म्हणतात तेच. गोळ्या चालू झाल्या. हळूहळू पाऊल आखूड पडायला लागलं, आवाज खाली गेला, चेहरा लाकडाचा झाला. एकदा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या हनुवटीला वस्तरा लागला. थोडंसंच लागलं होतं, तो माणूस काही बोललासुद्धा नाही. पण आण्णांनी वस्तरा धुतला, पुसला, खणात ठेवला आणि तिथनं पुढं दुकानातली तिसरी खुर्ची ही त्यांची बसायची जागा झाली. काम करायची नाही, बसायची.

बर्फाचं खूळ आणलं चौगुले गुरुजींनी. गुरुजी दर रविवारी दाढीला यायचे आणि येताना पेपरातलं काहीतरी ज्ञान घेऊन यायचे.

"ज्ञानदेवा, डोक्याला गारवा दिला की हात थोडा वेळ शांत होतो म्हणतात. मी वाचलं."

"गुरुजी, मागं तुम्ही कारल्याचं वाचलं हुतं," आण्णा म्हणाले.

पण मी ऐकून ठेवलं आणि पुढच्या फेरीला डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "कुणाकुणाला बरं वाटतं म्हणे, खात्रीनं मी काही सांगणार नाही. करून बघायचं तर मधे कापड ठेवा, पंधरा मिनिटांच्या वर नको, आणि गोळी एकही चुकवायची नाही."

मग काय! आधी बर्फाचा खडा फडक्यात बांधला, तो टोचायचा. फ्रीजमधले चौकोनी तुकडे घसरून मानेत जायचे आणि आण्णा शहारून "आई गं!" म्हणायचे. शेवटी मला त्या कांड्या सुचल्या. आण्णांच्या जुन्या फेट्याची दुहेरी टोपी शिवली, तिला काडतुसाच्या पट्ट्यासारखे कप्पे केले आणि एकेका कप्प्यात एकेक कांडी. डोक्याच्या आकाराला अशी काही बसली की बस्स! शाळेसमोरचा दुकानदार मला विचारायचा, "वहिनी, रोज चौदा कांड्या? पोरगीचा घसा बसंल की!"

खोटं कशाला बोलू, दर वेळी गुण यायचा असं नाही. पण चार दिवसांतनं तीन दिवस यायचा. टोपी काढली की पुढं अर्धा तास हात कसा गप्प पडून राहायचा, जवळजवळ पूर्वीसारखा. मग आण्णा त्या अर्ध्या तासात काय काय करून घ्यायचे! सदऱ्याची बटणं लावायची, चहा कपातनं प्यायचा, बशीतनं नाही. एकदा कागद मागवून स्वतःचं नाव लिहिलं आणि तो कागद आत्तींना दाखवला. आत्तींना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी तो देवाच्या फोटोमागं खोचून ठेवला.

"संकेश्वरी, तू लई डोक्याची हाईस," आण्णा मला म्हणाले. माझं माहेर संकेश्वर, आणि तिथली मिरची अख्ख्या जिल्ह्यात प्रसिद्ध. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात माझं तोंड ऐकून त्यांनी मला हे नाव ठेवलं होतं. रोहिणी हे माझं खरं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही.

तर त्या गुलाबी भानगडीनंतर दोन दिवसांनी, जेवताना आत्तींनी जावळाचा विषय काढला. तन्वीला अकरावा लागणार होता.

"पुढच्या गुरवारी करूया. हिच्या भावाला सांगावा धाडा, पोरीला मांडीवर घ्यायला मामा पायजे."

"जावळ मी करणार," आण्णा म्हणाले. "थोरल्या वस्तऱ्यानं."

थोरला वस्तरा म्हणजे शिंगाच्या मुठीचा, आण्णांच्या आज्यापासून चालत आलेला. दुकानात आता सगळं ब्लेड बदलायच्या वस्तऱ्याचं काम. हा मात्र तेलाच्या फडक्यात गुंडाळून पेटीत. तो निघायचा फक्त घरातल्या जावळाला, आणि घरातलं जावळ घरातला थोरला माणूस करणार ही संकपाळांची रीत.

सदानंद ताटात बघत राहिले. आत्तींची भाकरी तव्यावर करपली. आणि मी बघत होते आण्णांच्या हाताकडं. वाटी तोंडाला न्यायची होती त्यांना, आणि अर्धी आमटी मांडीवर सांडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरताना मी ह्यांना गाठलं.

"अहो, तुम्ही सांगा त्यांना."

"मी? ज्यानं मला वस्तरा धरायला शिकवला त्याला मी सांगू, तू धरू नको म्हणून?"

"मग काय पोरीचं डोकं पणाला लावायचं?"

"तूच सांग की. तुझं ऐकतात ते."

"वा रे वा! गोड बोलायला लेक आणि कडू बोलायला सून!"

"तुला संकेश्वरी उगंच म्हणत्यात व्हय," असं म्हणून हे घागर उचलून चालते झाले. माणूस लाखात एक, पण बापापुढं तोंड उघडायचं म्हटलं की दातखीळ.

त्या दुपारी आण्णांनी मला पेटी उघडायला लावली. मी फडक्यातनं थोरला वस्तरा काढला आणि त्यांच्यापुढं धरला. त्यांनी हात मागं घेतला.

"खाली ठेव."

"घ्या की."

"खाली ठेव म्हणतो न्हवं? वस्तरा हातातनं हातात देत नसत्यात."

मी तो आरशाखालच्या फरशीवर ठेवला आणि मग त्यांनी तो उचलला. तेव्हा आठवलं, हे दोघं बापलेक दुकानात कायम असंच करायचे, एकानं ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. मी आपलं समजत होते सवय असेल.

"का देत नाहीत?"

"भांडणं हुत्यात."

"म्हणजे कधीच द्यायचा नाही?"

आण्णा पात्याला अंगठा लावून धार बघत होते. "असती त्याची एक येळ," म्हणाले, आणि चामड्याच्या पट्ट्याला वस्तरा घासायला लागले.

मग त्यांनी फुगे मागवले. मला वाटलं तन्वीसाठी. कसलं काय! आमच्या दुकानात नवीन माणसाचा हात फुग्यावर बसवतात. फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि तो वस्तऱ्यानं काढायचा. फुगा फुटला तर परत पहिल्यापासून. सदानंद असंच शिकलेले. आता पन्नास वर्षं वस्तरा धरलेला माणूस डोक्याला बर्फ बांधून फुग्यावर बसला.

दुपारी एक ते चार दुकान बंद. मी स्वयंपाकघरात भांडी घासतेय आणि पडद्यापलीकडनं आवाज येतोय, फट्ट! थोड्या वेळानं परत फट्ट! तन्वी आधी दचकायची, मग टाळ्या पिटून हसायची. आत्ती म्हणायच्या, "दिवाळी हाय काय रे देवा आमच्यात!" मी मात्र मोजायचे. पहिल्या दिवशी बारा फुगे आणि बारा आवाज. दुसऱ्या दिवशी नऊ. मग पाच. प्रत्येक आवाजाला मला त्या फुग्याच्या जागी काय दिसायचं ते सांगायला नको.

शनिवारी पडदा सारून आण्णा स्वतः बाहेर आले. टोपी डोक्यावरच, कानामागनं पाणी ठिबकतंय, सदऱ्यावर फेस. आणि डोळे असे बारीक झालेले की मी इतक्या महिन्यांत बघितले नव्हते.

"संकेश्वरी! बाराला एक. एकच फुटला आज!"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. मी काय बोलणार आहे ते मला माहीत होतं, आणि ते बोलू नये हेही माहीत होतं. पण दुसरं कुणी बोलणार नव्हतं.

"आण्णा, तुमचे बारा फुगे आहेत. माझी तन्वी एकच आहे."

आत्तींनी माझ्याकडं असं बघितलं की वाटलं आता मुस्कटातच देतात. आण्णांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, दिसणारच नव्हतं. त्यांनी हळूच टोपी काढली आणि माझ्या हातात दिली.

"खरं हाय पोरी," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. खरं बोलल्याचं पुण्य लागतं म्हणतात, मला काही लागलं नाही. संध्याकाळी तन्वी झोपेला आली आणि रडायला लागली. तिची एक तऱ्हा होती. आण्णांचा थरथरता हात पाठीवर असल्याशिवाय ती झोपायची नाही. माझ्या थोपटण्याला दाद देत नसे, पण तो हात पाठीवर पडला की पाच मिनिटांत गार. त्या हाताला थोपटायला लागायचंच नाही, तो आपोआप हलायचा. मी तिला नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, मीही त्यांच्याकडं बघितलं नाही. आणि पोरगी झोपली.

मला वाटलं आता आण्णा बर्फाचं नाव काढणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी बरोब्बर एक वाजता तिसऱ्या खुर्चीत येऊन बसले. "बांध," म्हणाले. मी मुकाट्यानं टोपी बांधली, पंधरा मिनिटांनी सोडली. पलीकडनं फुग्याचा आवाज काही आला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. मंगळवारी मला राहवलं नाही. पडदा बोटभर सारला आणि बघितलं.

आण्णा आरशासमोर उभे होते. उजवा हात सरळ पुढं धरलेला, तळवा वर, आणि तळव्यावर उघडा थोरला वस्तरा. नुसते उभे. दारावरच्या झरोक्यातनं ऊन येत होतं, पात्यावरचा त्याचा कवडसा समोरच्या भिंतीवर पडला होता, आणि आण्णा त्या कवडशाकडं बघत होते. तो हलतोय का ते. मीही बघत राहिले. कवडसा जागचा हलत नव्हता.

मला भडभडून आलं. मला वाटलं, ह्या माणसाला मी नाही म्हटलं तरी ह्याचा जीव अजून त्या जावळात अडकलाय. फुगे फोडून मला त्रास नको म्हणून आता न वाजणारी तालीम चाललीय. मला माझ्याच तोंडाचा राग आला.

बुधवारी दुपारी टोपी सोडली आणि मीच तिसऱ्या खुर्चीत जाऊन बसले. अंबाडा वर करून पिनांनी घट्ट बसवला.

"आण्णा, माझ्या मानेवरची लव काढा."

"खुळी हाईस काय?"

"थोरल्या वस्तऱ्यानं."

"अगं, सुनेच्या मानंवर वस्तरा धरू? लोक काय म्हणतील?"

"दुकान बंद आहे, लोक कुठनं आले? लेकीच्या मानेवर धरला असता का? मग धरा!"

मग ब्रश वाटीत फिरल्याचा आवाज आला. कोमट फेस मानेला लागला. डावा हात माझ्या डोक्यावर आला आणि त्यानं डोकं जरा पुढं झुकवलं.

"हलू नको," आण्णा म्हणाले. आवाज खालचाच, पण त्यात हुकूम होता. आण्णांच्या उमेदीत ह्या दुकानात काम चालताना तो कसा असेल हे मला तेव्हा कळलं.

मी डोळे मिटले. खरं सांगते, भीमरूपी म्हटलं मनातल्या मनात. गार पातं टेकलं. सर्र, सर्र, सर्र, तीनदा. बस्स. मग पाणी, मग तुरटीचा खडा, मग टॉवेल. मी मानेवरनं बोट फिरवलं आणि बोट बघितलं. कोरडं होतं.

"उद्या तन्वीचं जावळ तुम्हीच करायचं," मी म्हटलं. बोलताना रडू येत होतं. "मी त्या दिवशी वाईट बोलले."

"वाईट न्हाई, खरं बोललीस." ते वस्तरा पुसत होते. "भ्यालीस काय गं आत्ता?"

"लई."

"मी बी," आण्णा म्हणाले.

गुरुवारी सकाळी माझा भाऊ दिगंबर संकेश्वरहून आला. तन्वीला नवीन झबलं, पायात वाळे. मागच्या सोप्यात पाट मांडला, दिगंबर पाटावर बसला आणि तन्वी त्याच्या मांडीवर. आत्ती ताट घेऊन शेजारी, केस खाली सांडू नयेत म्हणून. सदानंद भिंतीला टेकून उभे, तोंड उतरलेलं. मी बरोब्बर वेळ धरून आण्णांना टोपी बांधली होती. ह्या वेळी दुकानदाराकडनं बिनरंगाच्या कांड्या भांडून करून घेतलेल्या. त्या दिवशी लाल थेंब बघायची माझी तयारी नव्हती.

"काढू का टोपी?" मी विचारलं.

"असू दे डोक्यावर. अजून थोडा येळ."

आण्णा खाली बसले. तन्वीच्या डोक्याला पाणी लावलं, बोटांनी जावळ भिजवलं. तन्वी त्यांच्या टोपीतली कांडी ओढायला बघत होती. थोरला वस्तरा आरशाखालच्या फरशीसारख्याच एका दगडी पाटीवर ठेवलेला होता. त्यांनी तो उचलला.

वस्तरा कपाळाशी टेकला आणि बोटभर मागं गेला, हलक्या हातानं, लोण्यावरनं जावा तसा. पहिली बट आत्तींच्या ताटात पडली. तिथं गोरा गोरा पट्टा दिसायला लागला. तन्वी हूं की चूं नाही.

आणि आण्णा थांबले.

मला वाटलं, गेला हात. आला कंप. मी पुढं झाले. पण हात हलत नव्हता. आण्णांनी वस्तरा पुसला, उघडाच उजव्या तळव्यावर ठेवला, मूठ पुढं, पातं स्वतःकडं. आणि हात सरळ लांब केला.

"सदा, हिकडं ये."

सदानंद आले. तळव्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"आण्णा, खाली ठेवा. मी उचलतो."

"खाली न्हाई ठेवायचा."

"आण्णा..."

आत्तींच्या हातातलं ताट वाजायला लागलं. त्या रडत होत्या. दिगंबर बिचारा पोरगीला धरून माझ्या तोंडाकडं बघतोय, आणि मलाही काही कळेना.

"काय झालं आत्ती?"

"हातात एकदाच देत्यात गं," आत्ती म्हणाल्या. "काम सोडताना. आपल्या माघारी जो करणार, त्याच्या हातात."

आण्णांनी हात तसाच धरला होता. माझ्या डोळ्यांपुढं आरसा आला, तो कवडसा आला. तीन दिवस ते कशाची तालीम करत होते ते मला तेव्हा समजलं. मी बारा फुग्यांचं बोलून त्यांना दुखवलं, त्याच दिवशी त्यांनी जावळ सोडून दिलं होतं. माझी मान साफ करून माझी भीती घालवली ती माझ्यासाठी. त्यांना हवं होतं ते वेगळंच.

"माझा बा भाकरी खाता खाता गेला," आण्णा सदानंदना सांगत होते. इतकं लांब ते किती तरी दिवसांत बोलले नव्हते. "तेराव्यानंतर मी पेटी उघडली आणि वस्तरा उचलला. मला कुणी दिला न्हाई. आख्खा जन्म मी उचललेल्या वस्तऱ्यानं काम केलं, आणि रोज वाटायचं, बानं दिला असता काय? तुला तसं नगं वाटायला. तुला मी देतोय. आणि थरथरत्या हातानं न्हाई देत. घे लवकर, बर्फ वितळाय लागलाय."

सदानंदनी हात पुढं केला. आण्णांचा हात दगडासारखा स्थिर होता. थरथरत होता तो माझ्या नवऱ्याचा हात.

"शिस्तीत," आण्णा म्हणाले. "अंगठा मुठीवर. हां."

वस्तरा घेतल्यावर सदानंद तिथंच खाली बसले, बापाच्या पायावर डोकं ठेवलं आणि पोरासारखे रडले. आण्णांनी त्यांच्या केसांत बोटं घातली. "मागं लई वाढलेत रे तुझे," म्हणाले. "न्हाव्याच्या डोक्याकडं कोण बघत न्हाई."

पुढचं जावळ सदानंदनी केलं. आण्णा शेजारी बसून दोन्ही हातांनी तन्वीचं डोकं धरून राहिले, आणि त्या हातांत ते जराही हललं नाही. एवढासा ओरखडा आला नाही पोरगीला. शेवटची बट ताटात पडली तशी आण्णांनी मान मागं टाकली.

"संकेश्वरी, काढ गं आता हे. डोकं गारठलं माझं."

मी टोपी सोडली. आतलं पाणी माझ्या हातांवरनं खाली गेलं. टॉवेलनं त्यांचं डोकं पुसताना मी जरा जास्तच वेळ पुसलं, आणि त्यांनी पुसू दिलं.

आंघोळ घातल्यावर तन्वीनं जे भोकाड पसरलं ते कुणालाच आवरेना. मामा झाला, आजी झाली, मी झाले. तोवर अर्धा तास होऊन गेला होता, आण्णांचा अंगठा बोटावर फिरायला लागला होता. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मी तिला त्यांच्या मांडीवर दिली. त्यांनी तो हात तिच्या तुळतुळीत डोक्यावर ठेवला, तो आपला हलत राहिला, आणि पोरगी झोपली.